ज्येष्ठेला जामीन

आकाशातल्या एका ताऱ्याची अब्रू राखायची म्हणून नेटाने जगलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि तो माझा भासरा होता. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तुमच्याकडे त्याला थोरला दीर किंवा जेठ म्हणत असतील; आमच्याकडे तो भासरा, आणि हा शब्द नुसता कानावर पडला तरी जुन्या बायकांचा हात आपोआप पदराकडे जातो. माणसं मुलाबाळांसाठी जगतात, शेतीवाडीसाठी जगतात, काहीजण तर संध्याकाळच्या भाजीसाठीसुद्धा जगतात. आमचे भासरे जगले ते ज्येष्ठा नक्षत्रावर आळ येऊ नये म्हणून. आणि त्या नक्षत्रावर जन्मलेली होते मी.

ज्येष्ठेवर जन्मलेली मुलगी जेठाच्या मुळावर येते, असं आमच्या भागात ज्याला त्याला ठाऊक होतं. अभ्यासातलं काही येत नसलेल्यांनाही हे बरोबर येत असे. माझं माहेर कुहीजवळचं, घरची धानाची शेती. बाबांनी मला अकरावीपर्यंत शिकवलं आणि मग जेठ नसलेला मुलगा शोधायला बाहेर पडले. म्हणजे मुलगा एकतर थोरला हवा, नाहीतर एकुलता एक. थोरला सापडला की पत्रिका जुळत नसे, आणि एकुलता सापडला की त्याची आई जुळत नसे. एका ठिकाणी सगळं जमत आलं होतं, तर मुलाला एक चुलत थोरला भाऊ निघाला. तो नागपूर सोडून रायपूरला राहत होता, पण नक्षत्राला रेल्वेचं तिकीट लागत नाही म्हणून तेही बारगळलं. बाबा घरी येऊन नुसतीच पायताणं झाडून ठेवत. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐके आणि काय झालं ते समजे.

अशात नागपुरातल्या सक्करदऱ्याचं स्थळ आलं. मुलाला चांगला जिताजागता थोरला भाऊ होता, बाबा नको म्हणणारच होते, पण तो भाऊच निरोप न देता दाराशी येऊन उभा राहिला. उभा राहिला म्हणजे दार भरलं. उमरेडच्या बाजूला कोळशाच्या खाणीत ते कचेरीतले मोठे बाबू होते, आणि एसटीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला अर्धं तिकीट पडायला हवं असं सगळे म्हणत. बरोबर त्यांची इतवारीतली आत्या होती. आईवडील दोघेही गेलेले असल्यामुळे घरात वडीलधारी तीच. मागून मुलगा. भासऱ्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि बाबांकडे धानाचा एक दाणा मागितला. बाबांनी गोंधळून आणून दिला.

"मामाजी, हा दाणा म्हणजे आपला सूर्य," ते म्हणाले, "अन् अंगणात ते तणसाची गाडी उभी आहे न, तेवढी ज्येष्ठा."

बाबांनी दाण्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "एवढी मोठी असन तं धोकाही मोठाच असन न गा," ते म्हणाले.

"तेच तं नाही. गाडीत काय आहे? तणीस. धान निघून गेलं, नुसता फुगारा राहिला. ज्येष्ठेचं तसंच आहे. म्हातारी झाली ते. आतलं जळण सरत आलं, म्हणून बाहेरून फुगली, लाल पडली. हजारो लाखो वर्सांपासून ते आपल्याच दुखण्यात आहे बिचारी. ते कोणाच्या वाट्याले जाते?" मग दाराआड मी आहे हे ठाऊक असल्यासारखा त्यांनी आवाज थोडा चढवला. "अन् तिचा उजेड इथं यायले शेकडो वर्सं लागते. ही पोट्टी जन्मली तवा जो उजेड कुहीत पडला, तो तिथून निघाला तेव्हा नागपूर वसलं नव्हतं. त्याले काय माहीत का पुढं सक्करदऱ्यात हिचा भासरा राहीन म्हणून?"

आत्याबाईंना हा उजेडाचा हिशेब पटला नाही. "तुह्या जिवाले काही झालं तं?" त्या म्हणाल्या.

"धोका कोणाले आहे? मले. मंग मलेच विचारा न. मी जामीन राहतो. तू फक्त सांग, किती वर्सं जगलो म्हणजे ज्येष्ठा सुटली?"

आत्याबाई अशा प्रश्नांना कच्च्या नव्हत्या. त्यांनी बशीतले पोहे संपवले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सत्तर. सत्तरीनंतर माणूस आपल्या कर्मानं जाते. त्याच्या आत गेला तं मी हिलेच म्हणीन." भासरे तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर होते. त्यांनी मान डोलावली आणि माझं लग्न ठरलं. या सगळ्यात नवऱ्या मुलाकडे बघायचं माझं राहूनच गेलं. तो कोपऱ्यात बसून शांतपणे पोहे खात होता, आणि पुढेही आमच्या घरातल्या प्रत्येक वादात त्याने तेच केलं.

त्या दिवसापासून भासऱ्यांनी स्वतःचा जीव जो सांभाळायला घेतला, तो पाहून थोरल्या जाऊबाईंना हसावं की रडावं कळेना. हा माणूस एकेकाळी सावजीच्या खानावळीत रस्सा पिऊन वर आणखी तर्री मागणारा. त्याने रस्सा सोडला, सुपारी सोडली, सकाळी कारल्याचा रस प्यायला लागला. एसटीत पुढच्या बाकावर बसेना, कारण टक्कर झाली तर पुढचे आधी जातात. मागच्या बाकावर बसेना, कारण खड्ड्यात मागचे उडतात. मधला बाक मिळेपर्यंत दोन दोन गाड्या सोडायचे. इतवारीत आत्याबाईंकडे जायचं तर हातगाड्या आणि टेम्पोंची ती गर्दी पाहून गल्लीच्या तोंडाशीच उभे राहत आणि आत्याबाईंना बाहेर बोलावून घेत. भर मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, ते संध्याकाळी गळ्याला मफलर गुंडाळत. कोणी हटकलं तर म्हणत, "मले सर्दी झाली तं नाव दुसऱ्याचं खराब होते."

माझ्याशी मात्र ते बोलत नसत. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, तिने त्यांच्यासमोर यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. तो त्यांनी कसोशीने पाळला, आणि तरीही मला सगळं आकाश शिकवलं. आमच्या गच्चीवर पाण्याचा एक मोठा रांजण होता. उन्हाळ्यात जेवणं लवकर आटोपून आम्ही वर जायचो. कुरडया वाळत घातलेली पातळं मी आणि जाऊबाई एका बाजूला गोळा करत असायचो आणि ते दुसऱ्या बाजूला रांजणाशी बोलत असायचे. "अरे रांजणा, धाकलीले सांग, आग्नेयेकडे पाह्य. विंचवाच्या काळजात तो लाल ठिपका दिसते न, तेच म्हातारी." मग मी जाऊबाईंना हळूच म्हणायची, "रांजणाला विचारा, ती लाल का दिसते?" जाऊबाई कंटाळून म्हणायच्या, "रांजण काय सांगते ते ऐकू येऊन राहिलं तुले. मले काहून मधात घेता?" पण रांजण सांगायचाच. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. तापलेला तारा पांढरानिळा, निवत चाललेला तांबडा. आत गाभा दबत, तापत चाललेला, आणि बाहेरचा पसारा वाढत, निवत चाललेला. ही म्हातारी सूर्याच्या जागी आणून बसवली तर पृथ्वी तिच्या पोटात जाईल, आणि आत्याही.

मार्गशीर्षाच्या सुमाराला सूर्य त्या बाजूला जातो आणि ज्येष्ठा काही दिवस दिसेनाशी होते, हेही मला रांजणानेच सांगितलं. "मले जायचंच असन तं मी त्याच दिवसांत जाईन," भासरे त्याला म्हणाले होते. "आरोपी गावातच नव्हती म्हणून साफ सुटन." जाऊबाईंनी हातातली कुरडई मोडली आणि असलं अभद्र बोलल्याबद्दल रांजणाला चार शब्द सुनावले, वर आत्याबाईंकडे कागाळीही केली.

म्हातारपणाच्या या शास्त्राचा त्यांना एकदा नाद लागल्यावर जगातल्या कोणत्याच माणसाची त्यातून सुटका नव्हती. खाणीचंच उदाहरण ते सारखं देत. खाणीत नवा नवा कोळसा निघतो तेव्हा वर चार झोपड्या असतात. आतला कोळसा सरायला येतो तेव्हा वर वसाहत, क्लब, शाळा, साहेबाच्या बंगल्यासमोर गुलाबाचा बगीचा. पसारा वाढला की समजावं, आतलं संपत आलं. ही कसोटी ते सगळ्यांना लावत. वरचा साहेब नवीन टेबल करून घ्यायला लागला की घरी येऊन सांगत, "साहेब फुगून राहिला. वर्सभराचं जळण असन." पुढे साहेबाची बदली झाली की आम्हाला त्याचं फार नवल वाटत नसे. लग्नात मांडवभर मिरवणारे व्याही, सभेत माळेखाली दिसेनासे झालेले पुढारी, सगळ्यांची वयं त्यांनी ताऱ्यांप्रमाणे ठरवून टाकली होती. आणि स्वतःकडे बघून हसत. "माह्या तं जन्मच असा झाला," असं म्हणून पोटावर हात फिरवत.

आत्याबाईंनी या सगळ्यात जराही सवलत दिली नव्हती. भासऱ्यांना शिंक आली की इतवारीत ती ऐकू जात असावी, कारण दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षा दाराशी. त्या ओट्यावर बसून आधी भासऱ्यांकडे बघत आणि मग माझ्याकडे. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत, नुसतं बघणं. मी चहा ठेवायला आत जायची आणि चुलीशी उभी राहून मनातल्या मनात ज्येष्ठेला म्हणायची, बाई, एवढं सांभाळ. पटलेलं सगळं होतं मला, दाणा, गाडी, शेकडो वर्षांचा उजेड, सगळं. पण पटणं आणि भीती जाणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर उजेडालाही झटकन कापता येत नाही.

भासरे साठीच्या पुढे गेले तेव्हा एका मे महिन्यात त्यांनी ठरवलं की आत्याबाईंची आणि ज्येष्ठेची एकदा समोरासमोर भेट घडवायची. ज्याच्यावर आळ घ्यायचा त्याचं तोंड तरी पाहावं माणसानं, असं त्यांचं म्हणणं. गच्चीवर जायला लाकडी शिडी होती. आत्याबाई वर चढायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांना अंगणात बाजेवर बसवलं आणि भासरे अर्ध्या शिडीवर उभे राहून तिथून बोटाने दाखवू लागले. दिवेलागण होऊन थोडा वेळ झाला होता, म्हातारी शेजारच्या कौलांवरून नुकतीच वर येत होती. "ते पाह्य, ते लाल," ते म्हणाले. "कुठंसा?" आत्याबाई म्हणाल्या. नीट दाखवावं म्हणून ते वळले, आणि त्या वजनाखाली शिडीची पायरी कडाडून मोडली.

ते खाली आले ते गहू वाळत घातलेल्या चादरीवर. गहू चहूकडे उडाले. आणि लगेच आत्याबाईंचा आवाज आला, "पाहिलं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पदर कुठे होता मला ठाऊक नाही. भासऱ्यांनी पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, मध्ये रांजण नाही, जाऊबाई नाहीत, माझ्याशी बोलले. "घाबरू नको वं. मी मरून नाही राहिलो." मग आत्याबाईंना म्हणाले, "ज्या सुतारानं ही शिडी केली, त्याचं नक्षत्र इचार." आणि मग त्यांची शुद्ध गेली.

मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात पाय टांगून ठेवला तो ठेवलाच, आणि पडून पडून छातीत कफ भरला. ताप उतरेना. डॉक्टर यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि हे घरी येऊन जेवायला बसले, पण ताट तसंच राहिलं. त्या दिवसांत मी दवाखान्यात गेले नाही. डबा करून द्यायची, जाऊबाईंचे कपडे धुवायची, आणि गच्चीवर मात्र जायची नाही. मी गेले आणि त्याच दिवशी काही झालं तर, एवढंच डोक्यात होतं. सत्तरीला अजून बरीच वर्षं बाकी होती.

मग एक दिवस जाऊबाई रिकामा डबा घेऊन आल्या आणि ओट्यावरच बसल्या. "तुह्या भासऱ्यानं खाटेजवळच्या सुरईले निरोप सांगतला," त्या म्हणाल्या. "म्हणते, धाकलीले सांग, तू आली नाही तं लोक म्हणतीन ज्येष्ठा भ्याली." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. मी तशीच उठून निघाले.

भासरे खूप वाळले होते. खाटेवर कोपऱ्यात जागा उरावी, असं त्यांच्या बाबतीत मी कधी पाहिलं नव्हतं. पायथ्याशी आत्याबाई माळ घेऊन बसल्या होत्या. मी दाराशीच थांबले तर भासऱ्यांनी सुरईकडे पाहिलं, मग तिचा नाद सोडून सरळ माझ्याकडे पाहिलं. बोलताना दम लागत होता, तरी बोलले. "एक गोष्ट रांजणाले सांगायची राहिली होती. असे म्हातारे तारे शेवटी काय करते, माहीत आहे? आपलं सगळं वाटून टाकते. आतमध्ये जे काही रांधलं असते, ते वाऱ्यावर सोडून देते. मोठे असले तं फुटून देते. त्याच मातीचं पुढं नवं काहीबाही होते. तुह्या रक्तात लोखंड आहे न, आत्याच्याही आहे, ते अशाच कोण्या म्हाताऱ्याचं आहे. देऊन जाणाऱ्याले अशुभ म्हणता तुम्ही." मग डोळे मिटून म्हणाले, "अन् सत्तरीपर्यंत मले मरायले वेळ नाही. जामीन राहिलो मी."

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातातलं काही घेतलं, ते हेच.

भासरे वाचले. डॉक्टर म्हणाले, औषधाला गुण आला. जाऊबाई म्हणाल्या, टेकडीचा गणपती पावला. भासरे म्हणाले, ज्येष्ठेचा काही संबंध नाही. काठी टेकत, मफलर गुंडाळत, कारलं पीत त्यांनी उरलेली वर्षं रेटली आणि सत्तरावं वर्ष गाठलं. घरात मिठाई आणली तर म्हणाले, पुरी झाली पाहिजे, अर्धवट चालत नाही. आणि आणखी एक वर्ष थांबले. एकाहत्तरावं लागलं त्या सकाळी कारल्याचा रस त्यांनी मोरीत ओतला आणि आत्याबाईंना आणायला स्वतः रिक्षाने इतवारीत गेले, थेट गल्लीच्या आत. आत्याबाई तेव्हा अगदी थकल्या होत्या, कानाने कमी ऐकत. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुटली." भासऱ्यांनी त्या दिवशी सावजीचा रस्सा मागवला आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहेपर्यंत खाल्ला. मफलर मात्र काही केल्या सुटला नाही. सवय झाली, म्हणाले.

त्यानंतर रांजण बोलायचा बंद झाला. आम्ही सरळच बोलायचो, रिवाजाला आता कोणी विचारत नव्हतं. पण खरं सांगते, मला त्या रांजणावाचून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मध्ये तो होता तेव्हा भासरे जे सांगत त्यात एक मजा होती, ती समोरासमोर बोलण्यात आली नाही. मग कधीकधी मीच मुद्दाम म्हणायची, "रांजणा, भासऱ्यांना विचार, चहा घेणार का?" आणि ते खुशीत येऊन त्यालाच उत्तर द्यायचे.

ते गेले एका मार्गशीर्षात, सकाळी, चहाचा पेला हातात असताना. त्रास काही झाला नाही. इतवारीतून आत्याबाईंना उचलून आणलं आणि भासऱ्यांच्या उशाशी बसवलं. आत्याबाईंनी त्यांच्या गळ्याचा मफलर नीट केला. मग त्यांनी मान वर केली आणि मला शोधलं, आणि इतक्या वर्षांनी, सगळं सुटल्यावरही, मी एक पाऊल मागे सरले.

"आज ज्येष्ठा कुठी आहे वं?" त्यांनी विचारलं.

"नाही आहे आत्याबाई," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "सूर्याच्या बाजूला गेली. या दिवसांत दिसत नाही."

आत्याबाईंनी मान हलवली. "सांगूनच गेला म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि भासऱ्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

पौषात एकदा पहाटे मी दूध घ्यायला उठले तर सहज गच्चीवर गेले. थंडी कडक होती. आग्नेयेकडे घरांच्या वर म्हातारी परत आली होती, लाल, जरा मंद, गावाहून उशिरा आल्यासारखी. तिला अजून काही माहीत नव्हतं. मी पदर डोक्यावर घेतला. रांजण रिकामा होता, हिवाळ्यात तो कोण भरतो, तरी त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "रांजणा, तिला सांग. भासरे गेले, पण सत्तरी ओलांडून गेले. तुझ्यावर काही नाही."